हात भरून येतात, पाय वर जात नाही: क्लाइंबरनं आईच्या योगवर्गाला जावं का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दीड वर्षापासून नागपुरातच कृत्रिम भिंतीवर क्लाइंबिंग करतोस आणि मागच्या हिवाळ्यात मित्रांबरोबर कर्नाटकात बदामीला जाऊन खऱ्या खडकावर चढून आलास. तिथं दोन गोष्टी नडल्या. निम्मा रूट, म्हणजे ठरलेली चढायची वाट, होतो न होतो तोच हात भरून आले, आणि कमरेएवढ्या उंचीच्या होल्डवर, म्हणजे हातपाय टेकायच्या जागेवर, पाय ठेवायला गेलं की अंग भिंतीपासून बाहेर फेकलं जायचं. आई रोज पहाटे साडेपाचला योगवर्गाला जाते आणि जाताना तुला हलवते, "काहून झोपून राहतो रे, चाल ना माझ्यासोबत." तिथं जाऊन चढण्यात खरंच फरक पडेल का, आणि पडत असेल तर कोणती आसनं करावीत, असं तू विचारलंस.

फरक पडेल. पायाच्या बाबतीत तू धरून चालला आहेस त्यापेक्षा थोडा कमी आणि उशिरा, आणि हाताच्या बाबतीत पुष्कळ जास्त. तुझ्या प्रश्नात लवचीकपणाबद्दल चार ओळी आहेत आणि श्वासाबद्दल एकही नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मी स्वतः उलट्या वाटेनं आले. आपल्या शहराला योगाचं अप्रूप नाही. जनार्दन स्वामींच्या योगाभ्यासी मंडळामुळे इथं बागेत, देवळाच्या सभामंडपात, कुणाच्या तरी गच्चीवर पहाटे सतरंज्या पडलेल्या असतातच. मी सातवीत असताना आजीचं बोट धरून जायला लागले आणि पुढं शिकवायलाही लागले. क्लाइंबिंगची भिंत मात्र पहिल्यांदा चढले ती एकतिसाव्या वर्षी. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकायचं, हनुमानासन यायचं, त्यामुळे भिंत म्हणजे काय, उभं केलेलं आसनच की, असा माझा समज होता. दहा फुटांवरून गळून खाली आले. बोटं आपोआप उघडली. माझ्यामागून मल्लखांब करणारा सहावीतला एक पोरगा आला आणि खारीसारखा वर गेला. माझ्यासारखं पश्चिमोत्तानासन त्याला येत नसणार, पण साधी अढी मारून, म्हणजे पायांचा विळखा घालून, खांबाला चिकटून राहणं त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी एकेक आसन आठवत बसले आणि लक्षात आलं की एकाही आसनात स्वतःचं वजन वर ओढावं लागत नाही. आसनं जमिनीवर होतात. जमिनीला ढकलता येतं, धरून लोंबकळता येत नाही. भुजंगासन, चतुरंग दंडासन, मयूरासन, सगळं ढकलणं. तेव्हा ओढण्याची ताकद आणि बोटांची पकड योगातून येईल अशी आशा धरू नकोस. ती भिंतीवरच कमवायची, आणि पुढं कधीतरी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हँगबोर्डवर, म्हणजे बोटांनी लटकायच्या फळीवर. पण याचीच दुसरी बाजू अशी की क्लाइंबर दिवसभर फक्त ओढतो. छाती आखडते, खांदे पुढं येतात, पाठीला पोक येतो. ज्याची भिंतीवर फारशी गरज पडत नाही ते ढकलणं, उघडणं आणि मागं वाकणं आसनांत आयतं मिळतं.

माझी दुसरी फजिती जरा महागात पडली. वर्षानुवर्षांच्या सरावानं माझे खांदे फार सैल झाले होते आणि मला त्याचा अभिमान होता. हात सरळ ठेवून लटकलं की दमणूक कमी होते असं कुणीतरी सांगितलं, ते बरोबरच आहे, पण मी खांद्यांसकट सगळंच सोडून द्यायचे. पाठीच्या वरच्या भागातले स्नायू झोपलेले, सगळा भार सांध्याच्या आवरणावर. चार महिन्यांत उजवा खांदा धरला आणि पुढं जवळजवळ सहा महिने मला वेणी घालायलाही हात मागं नेता येईना. तू मुलगा आहेस, अंगानं कडक आहेस, तुला हा धोका कमी. पण तुझ्या गटात कुणी लवचीक मुली असतील तर त्यांना हे वाचायला दे. त्यांना आणखी ताणण्याची गरज नाही, सांधा धरून ठेवण्याची गरज आहे. लटकताना कोपर सरळ असू दे, पण खांदा कानापासून बोटभर खाली ओढलेला हवा.

आता हात भरून येण्याबद्दल.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून लांब कंडरा मनगटातून पार होऊन पेरांना जाऊन लागतात, कठपुतळीच्या दोऱ्यांसारख्या. स्नायू आवळला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. पकड जितकी घट्ट तितकं रक्त कमी, आणि एका मर्यादेपलीकडे तर पुरवठा जवळपास थांबतोच. प्राणवायू पोचत नाही, आत साचलेलं वाहून जात नाही, हात लाकडासारखा टणक होतो आणि शेवटी बोटं आपली राहत नाहीत. रक्त परत आत येतं ते पकड सैल झाल्यावर. एका होल्डवरून दुसऱ्यावर हात जातो तो क्षण, किंवा चांगल्या होल्डवर थांबून एक हात खाली सोडून झटकतोस तो क्षण, तेवढीच काय ती संधी.

त्यामुळे हात किती बळकट आहेत एवढ्यावर भागत नाही. समजा एखाद्या होल्डला १० किलोची पकड पुरते आणि तू २० किलोची लावतोस, तर ते जादाचे १० किलो तुझा रक्तपुरवठा तोडण्यापलीकडे काहीच करत नाहीत. नवा क्लाइंबर हे सतत करतो. भीतीनं करतो, सवयीनं करतो, आणि आपण असं करतोय हे त्याला कळतही नाही. तुला विश्वास बसत नसेल तर पुढच्या वेळी मित्राला तुझा चेहरा मोबाइलवर टिपायला सांग. दात आवळलेले दिसतील, भुवया चढलेल्या दिसतील. होल्ड काही दातांनी धरायचा नसतो.

आसनाबद्दल पतंजलींनी योगसूत्रांत फार लिहिलेलं नाही, साधनपादात मोजून तीन सूत्रं. त्यातलं पहिलं, स्थिरसुखमासनम्, प्रत्येक योगवर्गाच्या भिंतीवर असतं. त्याच्या पुढचं फारसं कुणी सांगत नाही: प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्. यातला पहिला शब्द तुझ्या कामाचा आहे. प्रयत्नशैथिल्य म्हणजे प्रयत्न सैल करणं. प्रयत्न सोडून देऊन आडवं पडणं नव्हे, ते शवासनात करायचं. अवघड ठेवणीत राहूनच, जेवढा लागत नाही तेवढा जोर काढून घेणं. भिंतीवर नेमकं हेच हवं असतं, आणि भिंतीवर ते शिकणं कठीण असतं, कारण तिथं पडायची भीती सोबत असते. सतरंजीवर ती नसते, म्हणून शिकायचं सतरंजीवर.

ते शिकायचं असं. उत्कटासन घे, म्हणजे अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखा गुडघे वाकवून थांब. मिनिटभर. वीस सेकंदांत मांड्या पेटतील. त्यांना पेटू दे, त्यांचं कामच आहे ते. तू बाकीच्या घराची तपासणी कर. जबडा आवळलाय का? सोड. मुठी वळल्यात का? उघड. खांदे कानाशी गेलेत का? खाली आण. श्वास अडलाय का? बाहेर टाक. पुन्हा जबड्यापासून सुरुवात, कारण तो एव्हाना परत आवळलेला असतो. वीरभद्रासनात हेच कर, नौकासनात हेच कर. दोन-तीन आठवड्यांत कोणता भाग विनाकारण आवळला जातो याचा तुझा स्वतःचा नकाशा तयार होतो. माझा जबडा आहे. माझ्या एका विद्यार्थ्याची पायाची बोटं होती, तो बुटातल्या बुटात ती मुठीसारखी वळायचा.

मग हे भिंतीवर न्यायचं. सोपी, उभी भिंत आणि मोठे होल्ड निवड, खाली जाड गादी किंवा वरून दोर असू दे. एका होल्डवर थांब आणि पकड हळूहळू सैल करत जा, हात सुटतो की काय असं वाटेपर्यंत. सुटायच्या जरा अलीकडची जी पकड, तेवढीच वापरून पुढच्या होल्डवर जा. तिथं पुन्हा तेच. पहिल्या दिवशी दोन-चारदा खरोखर सुटशील, हसू नकोस आणि चिडूही नकोस. मी हे दर आठवड्याला अंग गरम करताना अजूनही करते.

श्वासाचं थोडं समजून घे, कारण इथं योगवाल्यांकडूनच चुकीचे सल्ले मिळतात. कठीण हालचालीच्या क्षणी श्वास निमिषभर अडतो, ते स्वाभाविक आहे. वजन उचलणाराही अडवतो, त्यानं धड घट्ट होतं. त्यामुळे एकही श्वास अडू द्यायचा नाही असला सोवळेपणा नको. अडचण होते ती हालचाल संपल्यावरही तो अडूनच राहतो तेव्हा. होल्ड मिळाला, पाय बसला, की पहिलं काम म्हणजे तोंडानं ऐकू येईल असा श्वास बाहेर टाकणं. आत घेण्याकडे लक्ष देऊ नकोस, तो आपला आपण येतो. विश्रांतीच्या होल्डवर उच्छ्वास लांबव, चार मोजत आत तर सहा-आठ मोजत बाहेर, असे तीन श्वास आणि तेवढ्यात एक हात खाली सोडून सैल झटकणं. मग हात बदल. लीड करताना, म्हणजे दोर स्वतः वर नेत जागोजागी क्लिपमध्ये अडकवत चढताना, शेवटची क्लिप गुडघ्याखाली गेली की छातीत जे धडधडतं, तिथंही लांब उच्छ्वास हेच पहिलं औषध. घशातून हलका घासल्यासारखा आवाज येणारा उज्जायी येत असेल तर उत्तम, कारण आवाज बंद झाला की तुला आणि खाली बिले देणाऱ्यालाही, म्हणजे तुझा दोर सांभाळणाऱ्यालाही, कळतं की गडी अडकला.

कपालभाती आणि भस्त्रिका मात्र चढायच्या आधी लगेच नकोत. फार वेगानं श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. घरी बसून ठीक आहे, दोराला बांधलेलं असताना नाही. कुंभकाचं, म्हणजे श्वास रोखून धरण्याचंही तेच. अनुलोम-विलोम हवं तेव्हा कर, झोप चांगली लागते, पण नुसतं अनुलोम-विलोम करून भिंतीवरचा श्वास सुधारला असं मी कुणात पाहिलेलं नाही. सुधारतो तो अंग त्रासात असताना श्वासाकडे पाहण्याच्या सवयीनं.

आता पायाकडे येऊ.

कंबर भिंतीजवळ का हवी हे आधी पटलं पाहिजे. भरलेली बादली अंगाशी धरली तर पेलते, तीच हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत खाली ठेवावी लागते. कंबर भिंतीपासून जितकी बाहेर, तितकं तुझं वजन तुला मागं ओढतं आणि ते सावरायला हात आत खेचत बसतात. कंबर जवळ आली की वजन पायांवर उतरतं. म्हणजे तुझे हात भरून येण्याचं निम्मं कारण तुझ्या जांघेत बसलेलं असण्याची शक्यता आहे.

घरी भिंतीकडे तोंड करून उभा राहा, पाय खांद्यांपेक्षा रुंद, चवडे बाहेर वळवलेले. गुडघे बेडकासारखे दोन्ही बाजूंना उघडत खाली बसत जा आणि ओटीपोट भिंतीपासून किती दूर जातं ते बघ. बहुतेक मुलांचं वीतभर तरी जातं. इथं दोन वेगळ्या गोष्टी आड येतात. एक म्हणजे मांडी खुब्यात बाहेरच्या बाजूला पुरेशी फिरत नाही. दुसरी, फिरली तरी तिला स्वतःच्या जोरावर वर उचलून धरता येत नाही. योगवर्गात पहिलीवर भरपूर काम होतं, दुसरीवर जवळजवळ नाहीच.

पहिलीसाठी मालासन, बद्धकोणासन आणि पोटावर झोपून बेडकासारखे पाय उघडण्याची स्थिती. या शेवटच्याला काही जण मंडूकासन म्हणतात, पण आईच्या वर्गातलं मंडूकासन बहुधा वज्रासनात मुठी बेंबीशी धरून पुढं वाकण्याचं असेल, ते वेगळं. नावावरून घोळ करू नकोस. मालासनात टाचा उचलल्या जात असतील तर त्यांच्याखाली दुमडलेली चादर घाल. आपल्या आजोबा-आज्जींना हे आसन शिकवावं लागलं नव्हतं, रोज सकाळी होतच होतं. कमोड आले आणि उकिडवं बसणं गेलं.

ताणताना मांडीच्या आतल्या बाजूला ओढ जाणवली तर थांब, श्वास सोड, मिनिट-दीड मिनिट राहा. पण जांघेच्या पुढच्या घडीत काहीतरी चिमटल्यासारखं, हाडाला हाड लागल्यासारखं वाटलं तर तिथं जोर करू नकोस. खुब्याच्या खोबणीची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते. काहींना पूर्ण पद्मासन कधीच येणार नाही, आणि त्यात त्यांचा आळस किंवा पाप काही नाही. पाय थोडा पुढं किंवा मागं घेऊन चिमटा जातो का ते बघायचं.

गुडघ्याबद्दल मात्र मी कडक आहे. पद्मासन आणि कबुतरासारखं एकपाद राजकपोतासन, या दोन्हीत फिरायचं असतं खुब्यानं. खुबा फिरला नाही की उरलेलं वळण गुडघा घेतो, आणि गुडघा वळण्यासाठी केलेलाच नाही. गुडघ्यात आतल्या बाजूनं जरासं जरी बोचलं तरी बाहेर ये. भिंतीवर ड्रॉप नी करताना, म्हणजे गुडघा आत-खाली पाडून कंबर भिंतीला चिकटवताना, हाच नियम उलट्या दिशेनं लागतो. तिथं मांडी आत फिरावी लागते, आणि योगात मांडी बाहेर फिरवणारी आसनं ढीगभर, आत फिरवणारी मोजकी. वीरासन हे त्यातलं एक. दोन टाचांच्या मध्ये बसायचं, सुरुवातीला बैठकीखाली उशी किंवा जाड पुस्तकं घेऊन. वर्गात शिकवलं नाही तरी तू घरी टीव्हीपुढं बसून कर. गरुडासनाचे पायही चालतील.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या जोरावर उचलणं. उत्थित हस्त पादांगुष्ठासनात उभं राहून हातानं अंगठा धरून पाय नाकापर्यंत आणणारे लोक मी पाहिलेत, त्यांनाच भिंतीवर गुडघ्याच्या वर पाय टाकता येत नाही. हातानं ओढलेला पाय भिंतीवर कामाचा नाही, कारण हात तर होल्डवर असतात. म्हणून प्रत्येक ताणानंतर एक पाच सेकंदांचं शेपूट लाव. उभं राहून पाय हातानं जितका वर आणशील तितका आण, मग हात सोड आणि पाय तिथंच ठेवायचा प्रयत्न कर. तो दाणकन खाली येईल. किती खाली येतो, ते तुझ्या लवचीकपणातलं बिनकामाचं अंतर. दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा, आठवड्यातून तीनदा. सुरुवातीला मांडीच्या पुढच्या मुळाशी गोळे येतील इतकं ते दुबळं असतं. नौकासनानंही याला मदत होते. तीन महिने धर. दोन आठवड्यांत चमत्कार झाला नाही म्हणून मला लिहू नकोस.

खांदे आणि पाठ. अधोमुख श्वानासन बहुतेक क्लाइंबरांना कठीण जातं, कारण काखेखालचे मोठे ओढणारे स्नायू आखडलेले असतात. ते आखडले की हात पूर्ण वर जात नाहीत आणि शरीर कमरेत खड्डा पाडून पळवाट काढतं. गुडघे वाकव, टाचा उचलू दे, पण बगला उघड. याचाच दुसरा फायदा मनगटाला. दिवसभर आत वळलेली बोटं आणि मनगट इथं मागं उघडतात. त्याच्या उलट बाजूसाठी पादहस्तासन, त्यात वाकून दोन्ही तळवे उताणे करून पायांच्या चवड्यांखाली घालायचे. गोमुखासनाचे हात आणि भुजंगासन-शलभासन ही जोडी रोज असू दे. शलभासनात छाती उचलताना खांद्यांची पाती एकमेकांकडे खेच, पोकावर त्याच्यासारखं काही नाही.

सूर्यनमस्कार चांगलेच, पण शंभर-शंभर सूर्यनमस्कारांची जी चढाओढ चालते तिच्यात पडू नकोस. दमल्यावर दंड घालताना छाती कोपरांच्या खाली लोंबते आणि सगळा ताण खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो, तुझी ती बाजू आधीच दुखावण्याच्या बेतात असते. बारा घाल, सावकाश, प्रत्येक स्थितीत एक श्वास.

तोल सुधारतो का, असं लोक विचारतात. सुधारतो, थोडा. वृक्षासनापेक्षा वीरभद्रासनाचा तिसरा प्रकार आणि अर्धचंद्रासन जास्त उपयोगी, कारण त्यात एका पायावर धड हलतं. पण पायाची नेमकी जागा पाहून आवाज न करता ठेवण्याची सवय भिंतीवरच लागते. पायाच्या बोटांना मात्र विसरू नकोस. आपण दोन नंबर लहान बुटात बोटं कोंबतो, त्यांची परतफेड म्हणून घरी आल्यावर हाताची बोटं पायाच्या बोटांमध्ये गुंफून दोन मिनिटं फिरव आणि चवडे दुमडून वज्रासनात बस. पहिल्यांदा शिवी निघेल तोंडातून.

केव्हा करायचं हे काय करायचं याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. एकाच स्नायूला मिनिट-मिनिटभर ताणून लगेच भिंतीवर गेलास तर तो काही वेळ नेहमीपेक्षा कमी जोर देतो. म्हणून चढण्याआधी लांब ताण नाहीत. सांधे फिरवणं, चार-सहा सूर्यनमस्कार, पाय झुलवणं, मग सोपे रूट. लांब ताण चढून झाल्यावर किंवा ज्या दिवशी चढायचं नाही त्या दिवशी. तुझं क्लाइंबिंग सोमवार-बुधवार-शनिवार संध्याकाळी असेल, तर आईबरोबर मंगळवार, गुरुवार, रविवार जा. चढायच्या दिवशी पहाटे गेलास तरी बिघडत नाही, संध्याकाळपर्यंत अंग जाग्यावर येतं, फक्त खांद्यांवर भार देणारं त्या दिवशी कमी कर. शुक्रवारी झोप. ते मी गमतीनं सांगत नाही, कंडरांना स्नायूंपेक्षा सावरायला जास्त वेळ लागतो.

आपल्या हवेचंही गणित यात धरावं लागतं. मे महिन्यात, नवतप्याच्या त्या नऊ कडक दिवसांत तर विशेष, पारा ४५ च्या वर असताना अंग लोण्यासारखं वाटतं. त्या फसव्या मऊपणात माणूस जास्त ताणून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पस्तावतो. उन्हाळ्यात नेहमीच्या टोकाच्या थोडं अलीकडेच थांबायचं. घरातल्या कूलरसमोर आसनं करू नकोस, घामेजलेल्या पाठीवर थेट गार झोत घेऊन मान धरलेली मी बरीच माणसं पाहिलीत. कूलर लावलेल्या हॉलमध्ये चढत असशील तर तिथली हवा दमट असते, हाताला लावलेली चॉकची पूड लवकर ओली होते, होल्ड निसरडे लागतात आणि आपण नकळत जास्त आवळतो. वर सांगितलेली सैल पकड तिथं आधी बिघडते, तेव्हा तिथं जास्त लक्ष ठेव. डिसेंबरात उलट. पहाटे हात गारठलेले असताना अंग तापायला दुप्पट वेळ दे.

बोटाच्या मुळाशी दुखत असेल, चढताना कधी टक असा आवाज आला असेल, किंवा कोपराच्या आतल्या हाडावर दाबलं की कळ येत असेल, तर ते योगानं बरं करायच्या फंदात पडू नकोस. बोटातल्या कंडरेला हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या फाटतात, त्यांना ताणून काही होत नाही, उलट बिघडतं. अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा खेळाडूंना तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखव. मला स्वतःला एकानं न तपासता "चढणं सोडा" सांगितलं होतं, दुसऱ्यानं तीन महिन्यांत परत भिंतीवर पाठवलं. म्हणून कुणाला दाखवतोस ते बघून दाखव. आईच्या वर्गातल्या ताईंनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेव की तू चढतोस आणि खांद्यांवर आधीच काम झालेलं असतं, म्हणजे पाठीवर हात ठेवून "अजून थोडं, अजून थोडं" करणार नाहीत.

आणि आज रात्रीच भिंतीशी ती बेडूकबैठक करून बघ. ओटीपोट आणि भिंत यांच्यातलं अंतर आईला शिवणाच्या टेपनं मोजायला सांग, आणि दाराच्या मागं पेन्सिलीनं तारीख घालून लिहून ठेव. शेजारी उत्कटासनात किती सेकंदांनी जबडा आवळला तेही लिही. तीन महिन्यांनी दोन्ही परत मोज आणि मला आकडे कळव, मग पुढचं बोलू.